आपलीच मोरी

तिला सगळे वायसर म्हणायचे. नळाच्या पोटात रबराची एक चकती असते, ती झिजली की नळ टपटप गळायला लागतो. त्या चकतीला आम्ही वायसर म्हणतो. ती आमच्या इमारतीत प्लंबर म्हणून नवी लागली तेव्हा कुठल्याही तक्रारीवर तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "काही नाही, वायसर गेलाय." बेसिन गळतंय, वायसर गेलाय. फ्लशची टाकी भरत नाही, वायसर गेलाय. एकदा इमारतीचे साहेब कुणावर तरी अर्धा तास ओरडत होते, तेव्हा त्यांच्या खोलीबाहेर पाइप तपासत बसलेली ही माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "वायसर गेलाय." मी तोंडावर फाइल धरून हसले. त्या दिवसापासून तिला हेच नाव पडलं आणि खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं.

तेव्हा सगळे तिला 'तो' समजायचे. ती म्हणते, मी तेव्हाही मीच होते, तुम्हाला दिसत नव्हते एवढंच. यावर मी तिच्याशी कधी वाद घातला नाही. भिंतीला नुसता हात लावून आतला पाइप कुठून जातो हे ती सांगायची, आणि भिंत फोडल्यावर तो नेमका तिथेच निघायचा. भिंतीच्या आतलं जिला इतकं कळतं, तिला स्वतःच्या आतलं कळत नाही, असं म्हणणारे आपण कोण लागून गेलो?

मी त्या इमारतीत तक्रारखिडकीवर बसायचे. जिन्याखाली एक खोली, तिला एक खिडकी, वर पाटी: दुरुस्तीच्या तक्रारी येथे द्याव्यात. पाच मजले, डझनभर सरकारी कार्यालयं आणि बावीस संडास. कागदावर त्यांना स्वच्छतागृहं म्हणतात. मी तीस वर्षं कागदावरचं बोलले, आता निवृत्त झाल्यावर जे आहे ते बोलते. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. दिवसभर लोकांच्या तुंबलेल्या गोष्टी ऐकणाऱ्या बाईची जीभ गोड राहिली असती तर तेच नवल.

एका सोमवारी सकाळी वायसर खिडकीशी आली. केस वर्षभर वाढतच होते. त्या दिवशी कानांत दोन बारीक खडेही होते. हत्यारांची पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, "ताई, एक सांगायचंय. आजपासून मी 'आले' म्हणणार. 'आलो' नाही."

"बरं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तिच्या मागे चार माणसं तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन उभी होती.

पण 'बरं' म्हणणं सोपं आणि जिभेला वळण लावणं कठीण. आपल्या भाषेची हीच गोची आहे: कुणी दारात आलं तरी तो की ती हे ठरवल्याशिवाय त्याचं येणं सांगता येत नाही. सहा महिने मी अडखळत होते. 'वायसर आला' म्हणायचं, जीभ चावायची, मग 'आली' म्हणायचं. एकदा घाईघाईत मी फोनवर म्हणाले, "वायसर आलंय, पाठवते वर." ही शेजारीच उभी. म्हणाली, "ताई, मी काय मांजर आहे?"

तिच्या आईला दोन वर्षं लागली. आई म्हणजे लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून एकटीनं लेकराला वाढवलेली बाई, आणि तिची सगळी माया शिव्यांतून वाहायची. "मेल्या, जेवलास का?" ही तिची रोजची हाक. पण त्या सोमवारनंतर दोन वर्षं तिनं लेकीला एक शिवी दिली नाही. घरात नुसती भांडी वाजायची. मग एक दिवस डबा विसरून निघालेल्या लेकीच्या मागून जिन्यात आवाज आला, "अगं मेले, डबा कोण नेणार, तुझा बाप?" वायसर तिथेच पायरीवर बसून रडली. हे मला सांगताना तिचे डोळे पुन्हा भरले, आणि खोटं कशाला बोलू, माझेही.

तिसऱ्या मजल्यावर जन्ममृत्यूच्या नोंदींचं कार्यालय होतं. तिथे बहुतेक बायकाच. त्यांच्या संडासात वायसर जायला लागली तेव्हा आठ-दहा दिवस कुजबूज झाली. कान तर मीही टवकारले होते. आत तीन खण, आणि मधल्याची कडी कित्येक वर्षं तुटलेली. बायका आळीपाळीनं एकमेकींसाठी दार धरून उभ्या राहायच्या. वायसरनं ती कडी पहिल्याच आठवड्यात बसवली, कुणी न सांगता. तिथल्या मोठ्या टायपिस्टबाईंचा दरारा असा की त्यांनी चष्म्यावरून बघितलं तरी कारकून जागेवर जाऊन बसायचे. त्यांनी ती कडी दोनदा लावून-उघडून पाहिली आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं पुरुषांना हे दिसलं नाही." झालं. कुजबूज संपली. पुढे नऊ वर्षं ती तिथेच जात होती आणि कुणाच्या अंगाला भोकं पडली नाहीत.

त्याच मजल्यावर एकदा नोंदींच्या कपाटांवरचा पाइप फुटला होता. मुख्य कॉक गंजलेला, फिरेना. वायसर स्टुलावर चढून तासभर दोन्ही हातांनी तो पाइप दाबून उभी राहिली, तोपर्यंत खाली बायकांनी कपाटं हलवली. उतरली तेव्हा नखशिखांत भिजलेली, ओठ निळे. म्हणाली, "माझ्या जन्माचा कागदपण त्यातच आहे ताई. स्वतःचाच जन्म कसा भिजू देणार?" तेव्हा आम्ही हसलो. पुढे त्याच कागदानं तिचा घात केला.

कारण मग कायदा आला. सरकारी इमारतीत ज्यानं त्यानं जन्मदाखल्यावर लिहिलंय त्याप्रमाणेच संडासात जायचं. मोडला तर दंड, आणि नोकरीतला माणूस असेल तर चौकशी करून घरी. दाखल्यावरचं बदलून घ्यायची वाटही त्याच कायद्यानं बुजवली. त्याची दोन पानी नोटीस आमच्याकडे आली. टाइप केली मी. दारादारांवर लावायला दिली मी. आणि तिसऱ्या मजल्यावरची तर, शिपाई रजेवर होता म्हणून, मी स्वतः वर जाऊन चार टाचण्या मारून लावली. हात चालत होते, डोकं बंद होतं. खाली येताना वायसर जिन्यात भेटली, तिला मी विचारलं, "चहा घेतलास का गं?" आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

बायकांना भीती असते हे मला कुणी शिकवू नये. अंधाऱ्या बोळातून मीही किल्ली मुठीत धरून चाललेली आहे. पण ज्याला वाईट करायचं असतं तो दारावरची नोटीस वाचून माघारी जात नाही. नोटीस वाचून माघारी फिरली ती फक्त वायसर.

तिनं कायदा पाळून पाहिला, हे मला मुद्दाम सांगायचंय. दुसऱ्याच दिवशी ती तळमजल्यावर पुरुषांच्या संडासात गेली. कुणीतरी शीळ घातली. कुणीतरी तिच्या खणाला बाहेरून कडी घातली आणि दोघंतिघं हसत निघून गेले. तिनं हाका मारल्या नाहीत. पिशवीतून पेचकस काढला, आतून बिजागऱ्यांचे स्क्रू सोडवले, दार उचलून बाजूला ठेवलं आणि बाहेर आली. मग ते दार परत बसवलं, स्क्रू घट्ट आवळले, खालची बिजागरी करकरत होती तिला तेल घातलं आणि कामाला गेली. हे सगळं मला सफाईवाल्यानं सांगितलं. ती स्वतः एक अक्षर बोलली नाही.

त्यानंतर तिनं पाणी सोडलं. सकाळी सातला घरून निघताना दोन घोट, मग संध्याकाळी घरी पोचेपर्यंत काही नाही. फारच घसा सुकला तर बाटलीच्या झाकणात ओतून झाकणभर. दिवसभर कोपरापर्यंत हात पाण्यात आणि ओठांना भेगा! तिसऱ्या महिन्यात ती तापानं फणफणली, लघवीतून रक्त जायला लागलं. मी बघायला गेले तर आई पलंगाशी बसलेली.

"डॉक्टर म्हणतात, पाणी पी, दिवसाला बारा पेले," आई मला म्हणाली. "मूत्रपिंडाला सूज आहे म्हणे. असंच चाललं तर एक दिवस मशीनला लावावं लागेल." मग लेकीकडे वळून, "ऐकतेस का मेले? बारा पेले!"

"पिईन गं," वायसर भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "पण मग जाऊ कुठे, ते लिहून दिलंय का डॉक्टरनं?"

आई उठून चहा टाकायला गेली. त्या घरात मला चहा आणि दोन बिस्किटं मिळाली, ती मी तशीच ठेवून उठले. घरी येताना वाटलं, दुसरी नोकरी बघ म्हणावं. पण पन्नाशीला टेकलेली, बावीस वर्षं एकाच इमारतीच्या भिंती पाठ असलेली प्लंबर जाणार कुठे? पगारावर दोन जीव, आणि आईच्या हातानं आता इस्त्री उचलत नव्हती.

पंधरा दिवसांनी ती कामावर आली ती चांगली टवटवीत. मला नवल वाटलं, पण मी विचारलं नाही. हळूहळू ती बाटलीतून पाणी प्यायला लागली, झाकणानं नाही, घोट घोट. मी मनात म्हटलं, चला, काहीतरी सोय लागली बाईची. कसली सोय, हे विचारायचं मी टाळलं. माणूस न विचारूनसुद्धा किती सुखात राहतो.

चार महिन्यांनी मोठ्या टायपिस्टबाई खिडकीशी आल्या. त्या स्वतः खाली येणं म्हणजे मोठीच गोष्ट.

"आमच्या संडासाला झालंय तरी काय?" त्या कडाडल्या. "रोज अकराला आणि रोज अडीचला दारावर बोर्ड, 'काम चालू आहे'. आम्ही काय दुसऱ्या मजल्यावर पळायचं? इतके दिवस कसलं काम चालू असतं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी तक्रार लिहून घेतली, सवयीनं वर 'तातडीची' असा शिक्का मारला आणि शिपायाच्या हाती साहेबांकडे पाठवली. मग घड्याळात पाहिलं. अडीच वाजत होते. म्हटलं, बघून तरी येऊ.

तिसऱ्या मजल्यावर दाराला पिवळा बोर्ड लटकत होता. आत टकटक चालली होती, पाइपवर पाना मारल्याची. मी दार वाजवणार इतक्यात टकटक थांबली. जरा वेळ काहीच नाही. मग ओळखू येण्यासारखा बारीक आवाज. मग फ्लश. मग पुन्हा टकटक, टकटक, आधीपेक्षा जोरात.

माझा उचललेला हात तसाच राहिला. समोरच्या दारावर मी लावलेली नोटीस होती, चारही टाचण्यांसकट. मी ती तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. दुसऱ्या पानावर, नवव्या कलमात लिहिलं होतं: दुरुस्ती कर्मचाऱ्यास कामासाठी, बाहेर बोर्ड लावून, कोणत्याही स्वच्छतागृहात प्रवेश करता येईल. टाइप मी केली होती, पण वाचली होती तिनं.

मी जिना उतरले तो दोन-दोन पायऱ्यांनी. शिपायाला गाठून कागद परत घ्यायचा होता. पण आमचा शिपाई, जो उभ्या जन्मात कुठे वेळेवर पोचला नाही, तो नेमका त्या दिवशी पोचला होता.

मग मी माझ्या खिडकीतली कामाच्या चिठ्ठ्यांची तार काढली. प्रत्येक कामाची चिठ्ठी प्लंबरनं भरून द्यायची आणि मी तारेत खोचायची, असा नियम. चार महिने ती देत होती आणि मी न वाचता खोचत होते. दुसरा कुणी असता तर प्रत्येक चिठ्ठीवर 'वायसर बदलला' लिहून मोकळा झाला असता. ज्या बाईच्या तोंडी उठता बसता 'वायसर गेलाय', तिनं ते एकदाही लिहिलं नव्हतं. दीडशेच्या वर चिठ्ठ्या, आणि सगळ्यांवर तिच्या ठसठशीत अक्षरात तेच: 'स्त्रियांचे, तिसरा मजला. नळ तपासले. सर्व ठीक.'

"अगं बाई माझे," मी तिला संध्याकाळी गाठून म्हणाले, "चोरी करायची तर नीट करावी ना! खोटं लिहायचं की काहीतरी!"

"खोटं कसं लिहू?" ती म्हणाली. "ठीक होते ना नळ. आणि मी खरंच तपासायचे हं ताई. आधी तपासायचे, मग जायचे."

चौकशी तीन दिवसांनी झाली, साहेबांच्या खोलीत. साहेब वाईट माणूस नव्हते. नियमाबाहेर पाऊल टाकायचे नाहीत, पण कुणाचं वाटोळं करण्यात त्यांना गोडी नव्हती. जबाब लिहून घ्यायला मी. समोर वायसर, धुतलेला शर्ट, केस घट्ट बांधलेले, हात मांडीवर. आदल्या रात्री झोपली नसावी.

साहेबांनी त्या दिवशी तिला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं. कुणाला वाटेल, केवढा मान! मान कसला, 'गेलास' म्हणू की 'गेलीस' म्हणू यातून सुटायला त्यांना 'गेलात' बरं पडलं.

"नळ नऊ," साहेब चिठ्ठ्या चाळत म्हणाले. "आणि तुम्ही रोज दोनदा तपासायला गेलात. सगळं ठीक असताना. का?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा. मला जास्त खोलात जायचं नाही. आपण असं लिहू, की तुमच्या कामात वारंवार दोष राहत होते, म्हणून त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा जावं लागलं. एक ताकीद लागेल. नोकरी राहील. बोर्ड मात्र यापुढे बंद. काय?"

हो म्हण, मी मनात ओरडत होते. हो म्हण गं बाई, पुढचं पुढे बघू. त्या 'हो'वर तिची नोकरी होती, तिच्या आईची औषधं होती.

"दोष कुठे राहिला?" ती म्हणाली.

"अहो, हे फक्त कागदावर..."

"साहेब, मी बसवलेला वायसर पाच वर्षं हलत नाही. तिसऱ्या मजल्यावर जा, कुठलाही नळ सोडून बघा. एक थेंब गळला तर आत्ता राजीनामा देते." तिचा आवाज चढला नव्हता, पण मांडीवरच्या मुठी आवळलेल्या होत्या. "बावीस वर्षांत माझ्या हाताला कुणी नाव ठेवलं नाही. बाकी लोकांनी सगळ्याला ठेवली. हे एक राहिलंय, ते मी देणार नाही."

"मग कशासाठी जात होतात?" साहेबांनाही आता राग आला होता. "सरळ सांगा. एका वाक्यात."

तिनं साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एका वाक्यात सांगायचं तर, साहेब... आपलीच मोरी..."

आणि थांबली. मोठ्यांसमोर पुढचे शब्द उच्चारायचे नाहीत, असं वळण होतं तिच्या आईचं. पण पुढचं माहीत नाही असं माणूस आहे का आपल्यात? साहेब टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले. दाराशी उभ्या शिपायानं मान खाली घातली.

"उत्तर... लिहून घ्या," शेवटी साहेब म्हणाले.

मी लिहिलं. उत्तर: आपलीच मोरी अन् मुतायची चोरी. पूर्ण लिहिलं, काना-मात्रा न गाळता, आणि वर लिहिलं, 'प्लंबर म्हणाली'. म्हणाला नव्हे, म्हणाली. तीस वर्षांत सरकारी कागदावर मी लिहिलेलं ते पहिलं खरं वाक्य.

साहेबांनी वाचलं. "बाई, हे असं लिहायचं?"

"त्यांचं उत्तर तेच आहे, साहेब."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग सही केली.

मला वाटलं होतं, एवढं वाचून वरच्या कुणाला तरी लाज वाटेल. तिसऱ्या मजल्यावरच्या सव्वीस बायकांनी अर्जही दिला, की आमची तक्रार बोर्डाची होती, माणसाची नव्हे. पहिली सही मोठ्या टायपिस्टबाईंची. "मला काय ठाऊक!" असं त्या मला तीनदा म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फाटला. दीड महिन्यानं उत्तर आलं. अर्जदारांच्या संमतीनं कायदा बदलत नाही, सबब प्लंबरला सेवेतून कमी करण्यात येत आहे.

शेवटच्या दिवशी तिनं किल्ल्या, मोठा पाना आणि पिवळा बोर्ड माझ्या खिडकीत आणून ठेवला. त्याआधी पाचही मजले फिरून सगळे नळ तपासून आली होती. चिठ्ठी दिली: 'सर्व ठीक.' मी या वेळी वाचली. तारेत खोचली नाही, पर्समध्ये ठेवली. अजून आहे.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. कायदा आहे तसाच आहे. वायसर आता घरोघरी कामं करते. काही घरं तिला बघून दार लावतात, काही पुन्हा पुन्हा बोलावतात. मागच्या महिन्यात माझ्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तेव्हा मी तिला फोन केला.

ती आली, ओट्याखाली डोकं घालून बसली. मी म्हटलं, "काय गं, काय झालंय?"

"काही नाही," आतून आवाज आला, "वायसर गेलाय."

काम झाल्यावर मी चहा टाकायला घेतला, तर म्हणाली, "ताई, आधी पाणी द्या." मी पेला भरून दिला. तिनं तो एका दमात संपवला आणि पुढे केला. मी दुसरा भरला. तोही गटागटा संपवला. तोंड पुसलं आणि पेला पुन्हा पुढे धरला. मी बघतच राहिले. हीच ती बाटलीच्या झाकणानं मोजून पिणारी.

"घरातल्या बाथरूमला पाटी नसते, ताई," ती म्हणाली, जणू मी काही विचारलं होतं. मग उठली.

मी बोट दाखवलं, "पॅसेजमधून डावीकडे..."

"माहितीये," ती म्हणाली. "पाइप मीच टाकलाय."

दार लागलं. मी चहाकडे बघत उभी होते, पण कान तिकडेच होते. सवय, दुसरं काय. आतून एकदा टक् असं वाजलं, पाइपवर. मग थांबलं. मग ती आतच स्वतःशी मोठ्यानं हसली, आणि पुढे काही वाजलं नाही.